मागच्या वेळी कशानं थांबलं होतं?

“इंजेक्शनचं नाव तुम्हाला कसं काय माहीत?”

डिसेंबरातल्या एका रात्री कॅज्युअल्टीतल्या तरुण डॉक्टरने मला हे विचारलं. आवाजात राग नव्हता, चेष्टाही नव्हती. केस पेपरवर काहीतरी लिहीत तो बोलला आणि माझं उत्तर यायच्या आत पडद्यापलीकडच्या, अपघातात पाय मोडलेल्या मुलाकडे गेला. मी त्याला इतकंच सांगितलं होतं की सिकलसेलचा क्रायसिस आहे, डायक्लोफेनॅक नको कारण किडनीच्या डॉक्टरांनी मनाई केली आहे, आणि मागे ट्रामाडॉल १०० मिलिग्रॅम सलाईनमधून हळूहळू दिलं होतं, त्याने उतार पडला होता. एवढं बोलायलाही मध्ये मध्ये थांबून श्वास घ्यावा लागला. ती रात्र सरली, दुखणं उतरलं, मी घरी आले, कामावर जायला लागले. तो प्रश्न मात्र गेला नाही. मेथी निवडताना, ऑफिसच्या बसमध्ये खिडकीशी बसल्यावर, रात्री ओटा पुसून झाला की तो पुढ्यात येऊन उभा राहतो. डॉक्टरचा चेहरा आता मला नीट आठवत नाही. स्टेथोस्कोपची नळी निळी होती, एवढं आठवतं.

मी एसएस पॅटर्नची, म्हणजे सिकलसेलचं जनुक आई आणि बाबा दोघांकडूनही आलेली. विदर्भात एवढं सांगितलं की पुरतं. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, आणि तिकडे नंदुरबारच्या सातपुड्यात गावागावांत कुणी वाहक असतो, कुणी आजार असलेला, लाल कार्डवाला असतो. पुण्या-मुंबईच्या मैत्रिणींना जास्त सांगावं लागतं. “म्हणजे तुझं रक्त कमी असतं ना?” असं त्या विचारतात. कमी असतंच. माझं हिमोग्लोबिन साडेसातच्या आसपास राहतं आणि शरीराने त्याच्याशी जमवून घेतलं आहे. त्यांना ठाऊक नसतं ते दुखणं. ऑक्सिजन कमी पडला की आमच्या तांबड्या पेशी वाकड्या आणि ताठर होतात, आणि पावसाळ्यात मोरीच्या तोंडाशी काट्याकुट्या अडकून ओढा तुंबावा तशा बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. पलीकडच्या हाडाला रक्त पोचत नाही. मग सुरू होतो तो क्रायसिस. कधी कमरेतून, कधी दोन्ही मांड्यांतून, कधी फासळ्यांतून. हाडाच्या आतून ठोके पडत राहतात, अंगावरच्या पांघरुणाचं वजन नकोसं होतं, कूस बदलायची तर आधी मनाची तयारी करावी लागते. थंडी, ताप, दगदग, पाणी कमी पिणं, कशानेही ते सुरू होतं. आणि कधी कारण सापडतच नाही.

याखेरीज रोजचं दुखणं आहे. रक्त न मिळाल्याने माझ्या डाव्या खुब्यातला हाडाचा गोळा झिजला आहे. जिना चढताना, पंगतीत मांडी घालून बसताना, रात्री डाव्या कुशीवर वळताना तो जाणवतोच. त्या दुखण्यासकट मी स्वयंपाक करते, नोकरी करते, लग्नाकार्यांना जाते. त्यासाठी कुणी कॅज्युअल्टी गाठत नाही. जायचं ते घरातलं सगळं करून झाल्यावर. गरम पाण्याची पिशवी, तांब्याभर पाणी, पुन्हा तांब्याभर पाणी, पॅरासिटामॉल, मग डॉक्टरांनी लिहून दिलेली जास्त ताकदीची गोळी, आणि तरी चढतच गेलं तर भावाला हाक मारायची. म्हणजे कॅज्युअल्टीच्या दारात मी पोचते तेव्हा माझ्याकडचे उपाय संपलेले असतात आणि दुखण्याची रात्र अर्धी उलटलेली असते. आतल्या माणसासाठी मात्र माझं दुखणं केस पेपरवर वेळ पडते तिथून सुरू होतं.

कॅज्युअल्टी म्हटली की मला आधी गारठा आठवतो. ज्या आजारात थंडी टाळायची, त्याच आजारासाठी एसीच्या झोताखाली गार स्टीलच्या स्टुलावर बसून राहायचं. स्पिरिटचा आणि फिनेलचा वास, ओल्या चादरींचा वास, दार उघडलं की बाहेरच्या टपरीवरच्या चहाचा. दंडाला चिकटणारं ट्रॉलीचं हिरवं रेक्झिन. ट्यूबलाइटची गुणगुण, जी एरवी कुणाला ऐकू येत नाही. बाहेर १०८ येऊन थांबली की सगळी माणसं तिकडे धावतात, आणि धावायलाच हवं. रक्त वाहतंय त्याला आधी, श्वास अडलाय त्याला आधी, छातीत कळ आली त्याला आधी. हे मी मनापासून मानते. त्या डिसेंबरच्या रात्री पलीकडच्या मुलाच्या नडगीचं हाड बाहेर आलं होतं. त्याच्याआधी मला बघा असं माझ्या मनातही आलं नाही. पण त्याला खरंच दुखतंय का, असं कुणी विचारलं नाही. एक्स-रे व्हायच्या आधी त्याला इंजेक्शन मिळालं, आणि तेच योग्य होतं. माझ्याही हाडात त्या घटकेला रक्तावाचून काहीतरी मरत होतं. ते आत होतं, म्हणून त्याला साक्षीदार नव्हता.

साक्षीला यंत्रं होती, आणि ती माझ्या बाजूने बोलत नव्हती. नाडी ठीक, बीपी ठीक, बोटाला लावलेल्या चिमट्यात ऑक्सिजन ठीक. “हिमोग्लोबिन तर तुमचं नेहमीचंच आहे,” डॉक्टर म्हणाला. सगळं खरं होतं. वर्षानुवर्षं दुखण्यासोबत राहिलेल्या शरीराची नाडी दर वेळी धावत सुटत नाही. आणि क्रायसिस चालू आहे की नाही हे दाखवील अशी एकही रक्ततपासणी आजवर नाही. त्यात मी निपचित पडून राहते, कारण हललं की वाढतं. डोळे मिटले की सगळं लक्ष हाडाकडे जातं, म्हणून मोबाईलवर काहीतरी बघत राहते, कुणाच्या तरी परसबागेतली कारली, कुणाच्या तरी घरची भाकरी. हे मी शिकले आहे. दुखणाऱ्या प्रत्येक माणसाने आपापलं असं काहीतरी शोधून काढलेलं असतं. पण बघणाऱ्याला दिसते ती मोबाईल बघणारी, हळू आवाजात बोलणारी, औषधाचं नाव आणि मिलिग्रॅम सांगणारी एक बाई. रडले असते तर सिस्टर म्हणाली असती, एवढं काय रडायचं, नेहमीचंच आहे ना. रडले नाही, तर दुखत नसावं. नाव सांगितलं तर संशय. नाव सांगितलं नाही तर ज्याने किडनी आणखी बिघडेल ते इंजेक्शन कमरेत. कुठल्या बाजूने आत शिरायचं?

लहानपणी हा पेच नव्हता, कारण सोबत आई असायची. आई आजही आहे, भंडाऱ्याकडच्या आमच्या गावात, पण तिचे गुडघे आता रात्री-बेरात्री नागपूर गाठू देत नाहीत. मी वर्षाचीही नव्हते तेव्हा माझ्या हातापायांची बोटं सुजून तळवे टम्म झाले होते, कुणी हात लावला की मी किंचाळायची. शेजारच्या म्हाताऱ्या म्हणाल्या वात आहे, कुणी म्हणालं नजर लागली. पुढे मी मोठी होऊन शाळेत असताना आरोग्य खात्याची माणसं आली, बोटाला टोचून सोल्युबिलिटीची प्राथमिक चाचणी झाली, मग दंडातून रक्त नेऊन खात्रीची इलेक्ट्रोफोरेसिस चाचणी, आणि माझं लाल कार्ड घरी आलं. आईबाबांची पिवळी, वाहकांची. ती तिन्ही कार्डं आईने सातबाराच्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली, आणि ती पिशवी घेऊन आम्ही दवाखाने फिरलो. आई दाराशीच आवाज चढवायची. “डॉक्टरसाहेब, पोरगी कशी करून राहिली पाहा न जी, सुई द्या न जी तिले!” कुठल्या औषधाचं नाव तिच्या जिभेवर नीट बसायचं नाही. तिला ते लागायचंही नाही. माझ्या वाटचं रडणं ती रडायची, मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून गप्प पडून राहायची, पातळाला येणारा तिच्या घामाचा आणि हळदीचा वास घेत. सुई यायची. आज मी शिकलेली, नोकरी करणारी, प्रमाण मराठीत बोलणारी बाई म्हणून आत जाते आणि आईला लागायचा त्याहून जास्त वेळ थांबते.

त्या डिसेंबरनंतर मी या आजाराचा इतिहास पुन्हा वाचायला काढला. डिसेंबर १९०४ मध्ये शिकागोतल्या एका रुग्णालयात वॉल्टर क्लेमंट नोएल नावाचा तरुण दाखल झाला. वेस्ट इंडिजमधल्या ग्रेनाडा बेटावरून दंतवैद्यक शिकायला आलेला, कृष्णवर्णीय, घरापासून हजारो मैल दूर. खोकला, ताप, धाप. त्याचं रक्त काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं ते अर्नेस्ट आयर्न्स या इंटर्नने. त्याला विळ्यासारख्या वाकलेल्या, लांबट पेशी दिसल्या. त्याने त्या आपले वरिष्ठ जेम्स हेरिक यांना दाखवल्या. दोघांनाही तो काय आजार आहे ते कळलं नाही, पण नोएलला ते पुढे अडीच वर्षं पाहत राहिले, तो जे सांगेल ते टिपून ठेवत राहिले, आणि १९१० मध्ये हेरिक यांनी ते छापलं. नोएल शिकून ग्रेनाडाला परतला, दातांचा दवाखाना चालवला, आणि १९१६ मध्ये न्यूमोनियाने गेला, वयाच्या बत्तिशीत. पुढचं सगळं यानंतरचं: १९४९ मधलं लायनस पॉलिंग यांचं हिमोग्लोबिनवरचं संशोधन, १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींमध्ये आपल्याकडे लागलेला शोध. मी मात्र त्या इंटर्नपाशी थांबते. नाव नसलेल्या आजाराच्या माणसाकडे त्याने पुन्हा एकदा वाकून पाहिलं. रात्रपाळीच्या थकलेल्या मुलाने एवढं केलं की पुढे केवढं होऊ शकतं, हे मला त्यात दिसतं.

“शून्य ते दहा, किती दुखतंय?”

हा प्रश्न आता सगळीकडे विचारतात, आणि विचारायलाच हवा. पण त्याचं उत्तर देताना माझी तारांबळ होते. दहा म्हटलं तर, दहा असतं तर बोलता आलं नसतं, असा चेहरा समोर होतो. सात म्हटलं तर सातच्या मानाने कागद खाली सरकतो. माझं रोजचं दुखणं तीन-चारवर असतं. कधी ऑफिसात पाच असतं आणि कुणाला कळतही नाही. अशा माणसाने सात म्हणावं म्हणजे काय, हे ज्याचं रोजचं शून्य आहे त्याला कसं सांगायचं? मार्गो मॅककॅफरी या अमेरिकन परिचारिकेने १९६८ मध्येच लिहून ठेवलं होतं की अनुभवणारा माणूस सांगेल ते दुखणं, आणि तो जेव्हा आहे म्हणेल तेव्हा ते असतं. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने १९७९ ची आपली व्याख्या २०२० मध्ये सुधारली तेव्हा सोबतच्या टिपांत हे घातलं, की माणूस स्वतःच्या वेदनेबद्दल सांगतो त्याचा मान राखावा. हे वाचून मला बरं वाटलं, आणि थोडा वेळ रागही आला. एवढी साधी गोष्ट लिहून ठेवावी लागते, म्हणजे ती होत नाही.

माझा मामेभाऊ तालुक्याच्या ठिकाणी ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. दिवाळीत मी त्याच्यापाशी विषय काढला होता. त्याने बचाव केला नाही, नुसतं सांगितलं. रात्री एकटा डॉक्टर, समोर साप चावलेला, विष प्यायलेली, बाळंतपणाला आलेली. कुलपातलं कपाट, रजिस्टर, रिकाम्या ॲम्प्यूलचासुद्धा हिशेब. आणि अधूनमधून येणारी, किडनी स्टोन आहे म्हणून पेंटाझोसिन हे सवय लागणारं वेदनाशामकच मागणारी पोरं, ज्यांच्या दंडावर शिरा उरलेल्या नसतात. “ताई, एकदा असं फसलो ना, की पुढच्या दहा जणांकडे आपण तसंच पाहतो,” तो म्हणाला. त्याचं भय मला कळतं. ती व्यसनी पोरंही कुणाची तरी आहेत, त्यांनाही उपचार हवेत. पण माझ्याही दंडावर शिरा उरलेल्या नाहीत. आयुष्यभर रक्त काढून आणि सलाईन लावून त्या गेल्या. सिस्टर शीर शोधत असते तेव्हा तिच्या डोळ्यांत जे येतं ते मी ओळखते, आणि बाही खाली ओढावीशी वाटते.

या भयाला कायद्याचीही बाजू आहे. १९८५ मध्ये अमली पदार्थांचा कायदा आला. त्याचा रोख तस्करीवर होता, पण मॉर्फिन ठेवायचं तर इतके परवाने लागू लागले की असंख्य रुग्णालयांनी ते ठेवणंच सोडून दिलं. डॉक्टरांच्या काही पिढ्या मॉर्फिन हाताळायला न शिकताच बाहेर पडल्या. शेजारच्या मध्य प्रदेशात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, नीमचच्या आणि उत्तर प्रदेशातल्या गाझीपूरच्या सरकारी कारखान्यांत ती जाते, जगातल्या वेदनाशामकांना आपली अफू लागते. आणि इथे हाडाच्या कॅन्सरचा माणूस पॅरासिटामॉलवर तळमळतो. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, अत्यावश्यक म्हणून ठरवलेल्या औषधांसाठी परवान्यांची गुंतागुंत कमी झाली. केरळने तर त्याआधीपासून गावपातळीवर वेदनाशमनाचं काम उभं करून दाखवलं होतं. २०१८ मध्ये ट्रामाडॉल या कायद्याखाली आलं, कारण त्याचाही गैरवापर होत होता. प्रत्येक पावलामागे कारण आहे आणि मी त्यातलं एकही उडवून लावणार नाही. मात्र या सगळ्याचा भार शेवटी रात्री अडीच वाजता एका स्टुलावर येऊन पडतो. “याची सवय लागते, माहितीये ना?” हे मी कितीदा ऐकलं असेल. मला माहीत आहे. म्हणूनच घरी मी ते टाळता येईल तितकं टाळते. क्रायसिस ओसरला की ते बंद होतं. दुखणं जितका वेळ तसंच ठेवाल तितकं ते उतरायला जड जातं, हेही मला माहीत आहे.

आणि आडनाव. सिकलसेल म्हटलं की आमच्याकडे नजर कागदाच्या वरच्या ओळीवर जाते, आदिवासी की अमुक समाजाची, याचा अंदाज बांधला जातो. आजार जनुकांचा आहे आणि तो कुणी कुणाशी लग्न करावं याच्या जुन्या कुंपणांत पिढ्यान्‌पिढ्या फिरत राहिला, हे खरं. पण त्या एका नजरेने समोरच्याचा आवाज बदलतो, अहो-जाहोवरून अगं-तुगंवर येतो, हे मी पाहिलं आहे. माझ्याशी कमी होतं, कारण माझ्या पायांत बूट आणि हातात पर्स असते. माझ्या मागे बाकावर बसलेल्या बाईशी जास्त होतं. यावर जास्त लिहीत नाही. लिहिताना हात थरथरतो.

आता ती दुसरी रात्र. या डिसेंबरच्या बरीच आधीची, एका सरकारी रुग्णालयातली. पन्नाशीच्या पुढच्या सिस्टर होत्या, गणवेशावर चॉकलेटी स्वेटर, डोक्याला रुमाल बांधलेला. मला बघून त्यांनी आधी एसीचा झोत माझ्या अंगावरून बाजूला केला. मग ट्रॉलीवर ब्लँकेट टाकलं आणि विचारलं, “मागच्या वेळी कशानं थांबलं होतं?” मी सांगितलं. त्यांनी मी सांगितलं तसं कागदावर लिहून घेतलं. मग दुसरा प्रश्न विचारला, “आज मागच्यासारखंच आहे, की काही वेगळं वाटून राहिलं तुले?”

असं मला आधी कुणी विचारलं नव्हतं. विचारलं तसं मी अंगात शोधून पाहिलं, आणि सापडलं. कमरेतलं दुखणं ओळखीचं होतं. पण उजव्या बरगडीखाली, श्वास आत घेताना टोकाशी काहीतरी टोचत होतं, जे माझ्या नेहमीच्या दुखण्यातलं नव्हतं. त्या उठल्या, डॉक्टरांना घेऊन आल्या. एक्स-रेमध्ये उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी डाग निघाला. सिकलसेलमध्ये छातीतला हा प्रकार माणूस नेऊ शकतो. सुरुवातीला तो साध्या क्रायसिससारखाच वाटतो. ऑक्सिजन लागला, अँटिबायोटिक्स लागली, रक्त चढवलं. पहाटे दुखणं उतरल्यावर मी पहिल्यांदा खोल श्वास घेऊन पाहिला, भीत भीत. मला त्या सिस्टरांचं नाव विचारायचं राहून गेलं नाही. विचारलं, आणि ते माझ्यापाशी आहे.

औषधाचं नाव मला कसं माहीत, याचं उत्तर या रात्रीत आहे. ज्या जाणकारीने मी मिलिग्रॅम सांगते त्याच जाणकारीने मी सांगते की आजचं दुखणं वेगळं आहे. पहिली गोष्ट संशयाची म्हणून बाजूला सारली तर दुसरीही माझ्या तोंडातून निघत नाही. माणूस गप्प होतो. नेहमीचंच आहे असं पुरेशा वेळा ऐकलं की तोही स्वतःला नेहमीचंच आहे असं सांगू लागतो, आणि घरीच पडून राहतो. आमच्यातले किती जण असे घरी पडून राहतात, ते सिकलसेलच्या ओपीडीतल्या बाकावर बसलं की ऐकायला मिळतं. कुणी म्हणतं, तिकडे जाऊन अपमान करून घेण्यापेक्षा देशी दारूचा घोट बरा. ऐकवत नाही.

इंग्लंडच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांत लिहिलं आहे की सिकलसेलचा क्रायसिस घेऊन आलेल्या माणसाला पोचल्यापासून ३० मिनिटांत वेदनाशामक द्यावं. अमेरिकेतल्या रक्तविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये एका तासाची मर्यादा घातली, आणि त्या त्या रुग्णाला आधी काय लागू पडलं होतं ते पाहून औषध ठरवा असं सांगितलं. तिथेही ते रोज पाळलं जातं असं नाही. तिथले रुग्णही हेच गाऱ्हाणं मांडतात. पण लिहिलेलं आहे, म्हणून बोट ठेवता येतं. मी या डिसेंबरनंतर माझ्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले आणि एक पान मागितलं. त्यांनी लेटरहेडवर लिहून दिलं: निदान, नेहमीचं हिमोग्लोबिन, किडनीचं नेहमीचं क्रिएटिनीन, काय द्यायचं, किती, किती वेळाने पुन्हा, काय द्यायचं नाही. आणि खाली जाड अक्षरांत: ताप, धाप, छातीत नवीन दुखणं, ऑक्सिजन कमी, हातापायात बळ कमी, यातलं काही असेल तर क्रायसिस समजून थांबू नका. खाली सही, शिक्का, त्यांचा फोन. पान लॅमिनेट करून मी पर्समध्ये ठेवलं आहे. उन्हाळ्यात एकदा दाखवावं लागलं. ड्यूटीवरच्या मुलीने ते उभ्या उभ्या पूर्ण वाचलं, फोन लावला, आणि मला छातीबद्दल विचारलं. ती माझ्या भाचीच्या वयाची होती. मला तिचे हात धरावेसे वाटले.

१ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. चाळिशीच्या आतल्या सात कोटी लोकांची तपासणी, कार्डं, लग्नाआधीचा सल्ला, २०४७ पर्यंतचं उद्दिष्ट. चांगलं आहे, मला त्याचा आनंद आहे. माझ्या आईला हे मिळालं असतं तर वात आणि नजर यांत माझी वर्षं गेली नसती. २०१६ च्या कायद्याने हा आजार दिव्यांगत्वात धरला, क्रायसिस कमी करणारं हायड्रॉक्सीयुरिया पुष्कळ ठिकाणी फुकट मिळू लागलं. पण ज्यांचा जन्म होऊन गेला आहे, जे आज लाल कार्ड घेऊन हिंडताहेत, त्यांच्या रात्रींचं काय? कार्ड सांगतं की याला आजार आहे. आज रात्री अडीच वाजता याच्यासाठी काय करायचं, ते कार्ड सांगत नाही.

गेल्या महिन्यात ओपीडीत गडचिरोलीतल्या एटापल्लीकडून आलेली एक माय भेटली. मुलगा चौथीत, मांडीवर झोपलेला, ओठ कोरडे पडलेले. तिने माझं पान हातात घेऊन उलटसुलट पाहिलं. इंग्रजी तिला वाचता येत नव्हतं, मी मराठीत सांगितलं. “आमच्या पोराले असं लिहून देतील का जी कोणी?” तिने विचारलं. मी तिला घेऊन तशीच आत गेले. डॉक्टरांची ओपीडी भरगच्च होती, तरी त्यांनी लिहून दिलं, आणि म्हणाले, सगळ्यांनाच द्यायला हवं, पण लिहायला वेळ कुठून आणू? तेव्हा आम्ही काहीजण मिळून एक छापील नमुना तयार केला आहे, एका बाजूला डॉक्टरसाठी इंग्रजीत, मागे घरच्यांसाठी मराठीत. माडिया बोलणारा एक मुलगा तिसरा नमुना करतो आहे. १९ जूनच्या सिकलसेल दिनाच्या कार्यक्रमात आम्ही तो मांडणार आहोत आणि प्रत्येक लाल कार्डासोबत तो द्यावा, त्याची एक प्रत कॅज्युअल्टीतल्या टेबलाच्या काचेखाली असावी, असं मागणार आहोत. अडचण मुलांची आहे. त्यांचे डोस वजनावर ठरतात आणि वजन बदलत राहतं, म्हणजे ते पान दर ओपीडीला नव्याने भरावं लागणार, काट्यावर मूल उभं करून, मायबापाला विचारून, मागच्या वेळी कशाने थांबलं ते लिहून घेऊन. दर मंगळवारी त्याला कोण बसेल, असं डॉक्टरांनी विचारलं. मी बसणार आहे, आणि सोबत ती एटापल्लीची माय, तिच्या मुलाची तारीख असेल त्या मंगळवारी.